भिंतीत राखलेली जागा

इस्तंबूलच्या आशियाई काठावर उस्कुदारच्या धक्क्याला बोट लागते. तिथून दक्षिणेकडची चढण धरली की टेकडीवर अयाज्मा मशीद आहे. सुलतान तिसरा मुस्तफा याने आई मिहरिशाह आणि भाऊ सुलेमान यांच्या स्मरणार्थ बांधलेली ही मशीद १७६१ साली पूर्ण झाली. अंगणातून बॉस्फरसचे पाणी दिसते, म्हणून येणारा माणूस भिंतीला पाठ करून समुद्राकडे तोंड करतो. या वास्तूतले सगळ्यात लोभस काम मात्र त्याच्या पाठीमागे, मान उंच केल्याशिवाय दिसणार नाही अशा उंचीवर आहे. भिंतीतून पुढे काढलेल्या दगडांवर तिथे एक इवलीशी इमारत उभी आहे. तिला घुमट आहेत, कमानीच्या खिडक्या आहेत आणि दोन्ही बाजूंना मिनारही आहेत. आत माणसाचा हातसुद्धा पुरता मावणार नाही. ती बांधली आहे चिमण्यांसाठी.

अशी घरे इस्तंबूलभर आहेत. मशिदी, मदरसे, ग्रंथालये, थडगी, पाणपोया, पूल, टांकसाळ अशा नाना प्रकारच्या वास्तूंच्या भिंतींवर ती सापडतात. लोक त्यांना ‘कुश एवी’ म्हणजे पक्ष्याचे घर म्हणतात. जरा थाटाचे असेल तर ‘कुश क्योश्कू’, पक्ष्यांची हवेली. काहींच्या नशिबी ‘सेर्चे सराय’ हे नावही आले आहे: चिमण्यांचा राजवाडा.

पर्यटकांच्या माहितीपत्रकात या घरांची ओळख ‘ऑटोमन काळातली गोंडस कलाकुसर’ एवढीच असते. ती अपुरी आहे. जगातली अनेक शहरे आज पक्ष्यांना परत बोलावू पाहत आहेत. त्यांच्यासमोरचा एक अवघड प्रश्न या भिंतींनी अडीचशे वर्षांपूर्वी सोडवलेला आहे, आणि म्हणून त्यांच्याकडे बारकाईने पाहायला हवे.

दगडातले दोन प्रकार

ढोबळमानाने या घरांचे दोन प्रकार आहेत. पहिला साधा. भिंत रचतानाच दगडांमध्ये किंवा विटांमध्ये पोकळी सोडायची आणि दर्शनी बाजूला छिद्रे असलेली एखादी दगडी पाटी बसवायची. बाहेरून पाहणाऱ्याला एखाद-दोन भोके दिसतात, आत मात्र घरटे मावेल एवढी खोली असते. मिमार सिनान या थोर वास्तुकाराने इस्तंबूलच्या पश्चिमेला ब्युयुकचेकमेजे येथे बांधलेला लांबलचक दगडी पूल १५६७ मध्ये पूर्ण झाला. त्या पुलावरची पक्ष्यांची घरे ही या परंपरेच्या जुन्या खुणांपैकी एक मानली जातात.

दुसरा प्रकार भिंतीतून बाहेर डोकावणारा. पुढे काढलेल्या दगडांचा आधार घेऊन त्यावर एक, दोन, क्वचित त्याहून जास्त मजल्यांची घरे उभी केलेली असतात. अठराव्या शतकात हा प्रकार बहरला. सुलतान तिसऱ्या अहमदने आई ग्युलनुश सुलतान हिच्या नावाने उस्कुदारला बांधलेली येनी वालिदे मशीद १७१० सालची. तिच्या भिंतींवरची घरे मिनारांसकट घडवलेली आहेत. त्याच आवारात ग्युलनुश सुलतानची कबर आहे. तिच्यावर भक्कम छप्पर नाही, नुसती जाळी आहे. वर आभाळ, खाली माती. पाऊस आणि पाखरे दोघांनाही ती मोकळी. बेयाझितजवळचा सय्यद हसन पाशा मदरसा १७४५ चा. त्याच्या भिंतीवरची हवेली तर या कलेतल्या सर्वांत नाजूक कामांमध्ये गणली जाते. तक्सीम चौकाला ज्याच्यामुळे नाव मिळाले, त्या १७३२ च्या पाणीवाटप घराच्या दर्शनी भिंतीवरही पाखरांची घरे आहेत. माणसांना पाणी वाटणाऱ्या इमारतीने त्यांनाही विसरलेले नाही.

ज्या दगडाने मशीद बांधली त्याच दगडाने, विटांनी आणि चुन्याने ही घरेही घडली. इस्तंबूलच्या बऱ्याच जुन्या मशिदी ‘कुफेकी’ नावाच्या चुनखडकाच्या आहेत. खाणीतून काढल्यावर हा दगड मऊ असतो, छिन्नीला सहज वश होतो, आणि हवा लागत गेली की कठीण होतो. एवढ्याशा कमानी आणि खिडक्या त्यात कोरता आल्या त्या या गुणामुळे. लाकडाचीही पक्षीघरे होती, पण या शहराला वारंवार लागलेल्या आगींनी आणि पावसाने ती टिकू दिली नाहीत. आपल्याला दिसतात ती दगडाची.

नक्षीपेक्षाही जास्त विचार जागा निवडण्यात आहे. घर उंचावर असते, कारण इस्तंबूल मांजरांचेही शहर आहे. ते उन्हाच्या बाजूला असते, आणि काळ्या समुद्राकडून येणारा ‘पोयराझ’ हा बोचरा वारा थेट आत शिरणार नाही अशा अंगाला. वर वळचणीचा किंवा कंगोऱ्याचा आडोसा असतो, म्हणजे पावसाचा मारा चुकतो. पक्षी कुठे घरटे करतो, कशाला घाबरतो, पिल्लांना काय सोसत नाही, हे पाहिलेल्या माणसांनीच ही जागा ठरवली असणार. शिवाय पक्ष्यांची विष्ठा चुनखडकाला खाते. पाखरांना भिंतीपासून थोडी पुढे, स्वतःची जागा दिली की दर्शनी भागही वाचतो. दयेचा आणि व्यवहाराचा इथे झगडा होत नाही.

दया खर्चाच्या यादीत

हे सारे कोणी आणि का केले? याचे उत्तर शोधताना दोन धागे हाती येतात.

पहिला धागा धर्मभावनेचा. आपण लावलेल्या झाडाचे फळ पाखराने खाल्ले तरी ते दानच, ही शिकवण इस्लामी परंपरेत खोल रुजलेली आहे. करकोचा हिवाळ्यात दक्षिणेला जातो, म्हणजे मक्केच्या दिशेला, म्हणून तुर्की लोक त्याला ‘हाजी’ करकोचा म्हणत आले. जुन्या कबरींच्या शिळांवर वाटीएवढे खळगे कोरलेले सापडतात. पावसाचे पाणी त्यात साठावे, पाखरांनी ते प्यावे आणि पुण्य मृताच्या पदरी पडावे, हा त्यामागचा हेतू.

दुसरा धागा वक्फचा. ऑटोमन समाजात रस्ते, पूल, हमामखाने, रुग्णालये, शाळा हा मोठा पसारा वक्फच्या उत्पन्नावर चाले. दाता आपली दुकाने, शेते किंवा बागा कायमच्या एका कामासाठी लावून द्यायचा. पैसे कशावर खर्च व्हावेत, हे दस्तात तपशीलवार लिहिलेले असे. अशा दस्तांमध्ये पशुपक्ष्यांसाठीच्या तरतुदीही आढळतात. इझ्मीरजवळच्या ओदेमिश गावी एका दात्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस करकोच्यांच्या अन्नासाठी वार्षिक रक्कम लावून दिली होती. बुर्सा शहरात जखमी आणि थव्यामागे राहिलेल्या करकोच्यांची देखभाल होत असे. ‘गुराबाखाने-इ-लकलकान’ हे त्या ठिकाणाचे नाव कवी अहमद हाशिम याने १९२८ च्या आपल्या लेखसंग्रहालाच दिले आणि ते तुर्की साहित्यात अजरामर झाले.

मला यातली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते ती ही की इथे दया माणसाच्या मनःस्थितीवर सोडलेली नव्हती. आज कणव आली म्हणून मूठभर दाणे टाकले, उद्या विसरलो, असे घडायला वाव नव्हता. करकोच्यांचे अन्न दस्तात लिहिलेले होते आणि चिमण्यांची खोली भिंतीत. दाता गेला, वास्तुकार गेला, सुलतानही गेला, तरी ती खोली पुढच्या विणीच्या हंगामात मोकळीच होती.

या भावनेची धार परक्यांनाही जाणवली होती. सोळाव्या शतकात हॅब्सबर्ग सम्राटाचा राजदूत म्हणून इस्तंबूलला राहिलेल्या ओगिए गिस्लां द बुस्बेक याने आपल्या पत्रांत एक प्रसंग नोंदवला आहे. व्हेनिसच्या एका सोनाराने मोठ्या घशाचा एक पक्षी पकडला आणि गंमत म्हणून त्याचे पंख पसरून, चोच उघडी ठेवून तो दारावर बांधला. येणारे-जाणारे थांबले, त्यांनी पाहिले की पक्षी जिवंत आहे, आणि जमाव त्या सोनाराला ओढत न्यायाधीशापुढे घेऊन गेला. शिक्षा होणार तोच व्हेनिसच्या वकिलातीने मध्ये पडून त्याला सोडवले. त्या जमावाच्या संतापाला कायद्याची शिकवण लागली नव्हती.

या परंपरेची दुसरी बाजूही आहे. पिंजऱ्यातला पक्षी विकत घेऊन सोडून देण्याची प्रथा इस्तंबूलमध्ये पुष्कळ काळ होती. सोडलेला पक्षी स्वर्गाच्या दाराशी आपली वाट पाहील अशी समजूत. पण सोडायला पक्षी हवा तर तो आधी कोणीतरी पकडायला हवा. पुण्याची मागणी वाढली की पारध्याचा धंदा वाढतो. एका क्षणाचे समाधान देणारी दया आणि पाखराच्या उपयोगी पडणारी दया यांत किती अंतर असू शकते, हे या प्रथेपाशी स्पष्ट दिसते.

उपयोगासाठी आणि उपयोगाविना

तुर्कस्तानात पाखरांसाठी बांधकाम इस्तंबूलपुरते नाही. कापादोकियाच्या मऊ ज्वालामुखी खडकात शेतकऱ्यांनी पारव्यांसाठी शेकडो खोल्या कोरल्या. उचहिसारजवळची एक दरी त्यांच्यामुळे ‘ग्युवेर्जिनलिक’ म्हणजे कबुतरखान्यांची दरी म्हणूनच ओळखली जाते. कायसेरीजवळच्या गेसी गावच्या माळावर कबुतरांचे दगडी मनोरे उभे आहेत. आग्नेयेला दियारबाकिरच्या परिसरात मातीच्या विटांचे मोठे पारवेघर असते, त्याला ‘बोरानहाने’ म्हणतात. या सर्वांचा हेतू रोकडा होता: खत. द्राक्षमळ्यांना आणि तैग्रिस नदीकाठच्या प्रसिद्ध कलिंगडांना पारव्यांच्या विष्ठेचे खत घातले जाई. पाखराला आसरा, शेतकऱ्याला पीक. हा सरळ देवघेवीचा करार होता, आणि रासायनिक खत आल्यावर तो बराचसा मोडला.

इस्तंबूलच्या चिमणीकडून कोणाला काही मिळायचे नव्हते. तिचे खत गोळा होत नव्हते आणि तिचे मांसही कोणी खात नव्हते. तरी तिच्यासाठी राजवाड्याच्या कारागिरीचा दगड लागला. वास्तुकार आणि कवी जेंगिझ बेक्ताश यांनी या पक्षीघरांवर पुस्तक लिहिले, चित्रकार मालिक आक्सेल यांनीही त्यांच्याविषयी लिहून ठेवले. कौतुकाच्या पलीकडे जाऊन त्यांची नोंद घेणारी माणसे विसाव्या शतकात लाभली हे महत्त्वाचे. कारण त्याच शतकात ही घरे नव्याने बांधली जाणे थांबले होते.

काँक्रीटला फट नसते

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून बांधकामाची रीत बदलली. पुढे काँक्रीट आले. इस्तंबूलची लोकसंख्या आज दीड कोटीच्या वर आहे. तिला सामावणाऱ्या इमारतींच्या भिंती गुळगुळीत आहेत, खिडक्या काचबंद आहेत आणि छपराखाली पोकळी नाही. घर चिरेबंद असावे ही माणसाची इच्छा रास्त आहे. पण चिमणी, पाकोळी यांच्या दृष्टीने अशा शहरात वस्तीच नाही.

पाकोळीचे उदाहरण घ्या. युरोपात विणीसाठी येणारी साधी पाकोळी आयुष्याचा बहुतेक काळ हवेतच काढते. खाणे, पिणे, झोपणे सारे उडत्या पंखांवर. स्वीडनच्या लुंड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवून दिले की काही पाकोळ्या विणीचा हंगाम सोडून वर्षाचे दहा महिने जमिनीला टेकतही नाहीत. जमिनीशी तिचे नाते फक्त एका फटीपुरते असते. त्या फटीत ती अंडी घालते, आणि पुढच्या वर्षी आफ्रिकेतून हजारो किलोमीटर उडून बहुधा त्याच फटीकडे येते. मधल्या काळात कोणी दुरुस्ती करून ती फट सिमेंटने बुजवली असेल तर ती भिंतीवर आपटत राहते. दुरुस्ती करणाऱ्याने कसलाही गुन्हा केलेला नसतो. त्याला तिथे कोणी राहते हे ठाऊकच नसते.

हे टाळता येते. जेरुसलेमच्या पश्चिमी भिंतीच्या फटींमध्ये पाकोळ्या घरटी करतात. तिथे भिंतीची डागडुजी करताना त्या फटी मोकळ्या ठेवण्याची काळजी घेतली जाते. इंग्लंडमधल्या ब्रायटन आणि होव्ह नगरपालिकेने २०२० पासून ठराविक उंचीच्या नव्या इमारतींमध्ये पाकोळीसाठी पोकळ वीट बसवणे बंधनकारक केले. बाहेरून एक छोटे भोक, आत घरट्यापुरती जागा. सिनानच्या पुलाच्या भिंतीत जे होते त्याचेच हे कारखान्यात तयार झालेले रूप. ब्रायटनच्या अभियंत्याने ब्युयुकचेकमेजे पाहिले असो वा नसो, दोघे एकाच निष्कर्षाला पोहोचले: पाखराची जागा इमारत पूर्ण झाल्यावर शोधायची नाही, रचतानाच सोडायची.

आभाळातला रस्ता

इस्तंबूलवर एक जास्तीची जबाबदारी आहे. बॉस्फरसची सामुद्रधुनी हा जगातल्या मोठ्या स्थलांतर-मार्गांपैकी एक आहे. करकोचे, गरुड, मधुबाज यांच्यासारखे घिरट्या घालत जाणारे पक्षी तापलेल्या जमिनीवरून वर चढणाऱ्या हवेवर तरंगतात. समुद्रावर तशी हवा मिळत नाही, म्हणून ते अरुंद पाण्याची वाट शोधतात. शरदात चामलिजा टेकडीवर उभे राहिले तर डोक्यावरून थव्यांमागून थवे दक्षिणेकडे सरकताना दिसतात. हंगामाची बेरीज लाखांत जाते. काळ्या समुद्राच्या काठावर २०१८ मध्ये उघडलेल्या नव्या विमानतळाला पक्षी-अभ्यासकांनी विरोध केला तो या मार्गामुळे. विमानतळ झाला. जंगल आणि पाणथळ जागा गेल्या. मशिदीच्या भिंतीवरचे घर हे नुकसान भरून काढू शकत नाही, आणि ते भरून निघते असे भासवणे घातक आहे.

हीच गोष्ट चिमणीलाही लागू. मोठी चिमणी दाणे खाते, पण पिल्लांना सुरुवातीचे दिवस अळ्या आणि मऊ किडेच लागतात. त्यासाठी झुडपे हवीत, औषध न फवारलेले गवत हवे, थोडी मोकळी माती हवी. घर आहे आणि आसपास किडे नाहीत, तर त्या घरात पिल्ले उपाशी मरतात. ऑटोमन मशिदीच्या भिंतीला घर होते तसे अंगणात झाड होते, हौद होता आणि पलीकडे फुलबागा होत्या. भिंतीवरची हवेली त्या सगळ्या मांडणीचा एक भाग होती. आज नगरपालिका बागेत लाकडी खोकी टांगतात, तेव्हा भोवतालची मांडणीही पाहायला हवी.

शिवाय घर कोणाला मिळते हाही प्रश्न आहे. पिंजऱ्यातून सुटलेले आपल्याकडचे पोपट आता इस्तंबूलच्या बागांमध्ये थव्याने राहतात. आपली साळुंकीही तिथे स्थिरावली आहे. झाडांच्या ढोल्यांवर ते हक्क सांगतात आणि स्थानिक पाखरांना जागा अपुरी पडते. म्हणून भोक किती मोठे ठेवायचे याला अर्थ आहे. बत्तीस मिलिमीटरच्या आसपासच्या भोकातून चिमणी आत जाते, साळुंकी जात नाही.

आपल्या दारात

मराठी वाचकाला हा विषय परका नाही. घरातली चिमणी दिसेनाशी झाल्याची हळहळ आपल्याकडे घरोघर ऐकू येते, आणि २० मार्च हा जागतिक चिमणी दिवस २०१० पासून साजरा होऊ लागला तो नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या नेचर फॉरएव्हर सोसायटीच्या पुढाकाराने. कृत्रिम घरटी लावण्याची चळवळ त्यातूनच पुढे गेली.

दुसऱ्या बाजूला मुंबईत २०२५ मध्ये कबुतरखान्यांवरून जे घडले तेही ताजे आहे. महापालिकेने दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला, लोक रस्त्यावर उतरले, प्रकरण उच्च न्यायालयातही गाजले. दाणे टाकणाऱ्यांची श्रद्धा खरी होती आणि विष्ठेमुळे होणाऱ्या फुप्फुसाच्या आजाराची भीतीही खरी होती. पण वाद ज्या दयेवरून झाला ती फक्त दाणे टाकण्याची होती. एकाच जातीला अमाप दाणे घातले की तिचीच संख्या फुगते. चिमणीला, पाकोळीला, दयाळाला त्यातून काही मिळत नाही. इस्तंबूलच्या एमिनोन्यू चौकात येनी जामी मशिदीसमोर पिढ्यानपिढ्या कबुतरांना दाणे टाकले जातात, तिथेही हे खरे आहे. पण त्याच शहराच्या भिंती दुसरी वाट दाखवतात. एका ठिकाणी हजार पाखरे गोळा करण्याऐवजी हजार ठिकाणी एकेका जोडप्याला जागा देणे. छोट्या पाखरांना निवारा मिळतो, गर्दी होत नाही, आणि कोणाच्या दारात विष्ठेचा थर साचत नाही.

ती वाट आपल्याकडे जशीच्या तशी चालणार नाही. इस्तंबूलला ऊन हवे असते, विदर्भात आणि मराठवाड्यात उन्हाळ्यात पश्चिमेच्या भिंतीतली पोकळी पिल्लांना भाजून काढील. आपल्याला पूर्वेची किंवा उत्तरेची, वर पुरेसा सज्जा असलेली बाजू निवडावी लागेल. पावसाचे चार महिने लक्षात घेऊन भोकाला उतार द्यावा लागेल. चिमण्यांना शेजार लागतो, म्हणून एकटी पोकळी सोडण्यापेक्षा तीन-चार जवळजवळ सोडाव्या लागतील. आणि हंगाम संपल्यावर आतली जुनी काडी काढता येईल अशी सोय ठेवावी लागेल. यातले काहीही अवघड नाही, खर्चाचेही नाही. फक्त ते आधी ठरवावे लागते.

पुणे, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, ठाणे, प्रत्येक शहरात जुन्या इमारती पाडून नव्या उभ्या राहत आहेत. बांधकाम परवानगी देताना आपण गाड्या लावायची जागा मागतो, पावसाचे पाणी मुरवायची सोय मागतो, सौर उष्णजल यंत्रणा मागतो. त्याच यादीत एक ओळ वाढवून दर इमारतीमागे पाखरांसाठी ठराविक पोकळ विटा आणि आवारात देशी झुडपांचा एक पट्टा मागता येईल. शाळा, सरकारी कार्यालये आणि मंदिरांचे जीर्णोद्धार यांपासून सुरुवात करता येईल, कारण तिथे निर्णय घेणारे थोडे आणि भिंती पुष्कळ असतात. जुन्या वास्तूंची डागडुजी करणाऱ्या कंत्राटदाराला फटी बुजवण्याआधी आत घरटे आहे का, हे पाहण्याची अट घालता येईल.

उस्कुदारच्या गवंड्यांनी हे काम केले तेव्हा त्यांच्याकडे पर्यावरणाचा कायदा नव्हता आणि पक्षीगणनेचे आकडेही नव्हते. त्यांना एवढेच पक्के ठाऊक होते की भिंत आपण उभी करतो आहोत, तर तिच्यात कोणाला जागा मिळावी हे ठरवणेही आपलेच काम आहे. आज मंजूर होणारे नकाशे पुढची पन्नास-साठ वर्षे शहराचा आकार ठरवतील. त्यांत पाखरांची जागा आखायची असेल तर ती सहीच्या आधी आखावी लागेल, आणि ती मागण्याचा आग्रह आपल्यापैकी प्रत्येकाला आपापल्या गृहसंस्थेच्या पुढच्या बैठकीत धरता येईल.